काडेपेटीतलं पिवळं

खण आवरताना एक जुनी काडेपेटी हाती आली. आत वाळलेला स्लाइम मोल्ड, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण हळूहळू सरकणारा जीव, होता आणि ओल्या पालापाचोळ्याचा पुसट वास. लगेच श्रीवर्धनची हमीदाचाची आठवली.

जंगलातल्या मातीत किती प्रकारचे स्लाइम मोल्ड राहतात, ते शोधताना मी तिच्याकडे भाड्याने राहत होते. नमुने ठेवायला ती मला रिकाम्या काडेपेट्या जमवून द्यायची. खिडकीत माझ्या माती-पाल्याच्या बशा असत. एका सकाळी तिने हाक मारली, "अगो, तुझं पिवळं चाललं बघ!"

बशीतून निघालेलं ते हळदीच्या ओघळासारखं भिंतीवर चढत होतं. सुकू नये म्हणून चाचीने त्यावर ओली ओढणी धरली होती.

"का गेलं गो?"

"भूक लागली की जातं, चाची."

"परत येल?"

"इथे खायला मिळालं की येतं," म्हणत मी बशीत ओटचे दाणे टाकले.

चाचा पोटापाण्यासाठी गेले ते कित्येक वर्षं कुवेतलाच होते. ती दाण्यांकडे बघत राहिली. "एवढंच लागतं?"

संध्याकाळी पिवळं खरंच परतलं. मला तेव्हा फक्त नमुना वाचल्याचा आनंद झाला. चाची मात्र दिवे लागले तरी बशीपाशीच बसून होती.