भुसावळच्या रेकॉर्डवरचा ओरखडा

सध्या खान्देशात ती धून वाजल्याशिवाय वरात निघत नाही. निघाली तरी नवरदेव घोड्यावरून उतरून बसतो. डीजेच्या भिंतीएवढ्या खोक्यांतून ती सुटली की जळगावच्या डाळमिलमधली डाळ आपोआप भरडली जाते आणि गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाया फुगड्या घालतात. धून मधेच एका जागी अडकते. तीच ओळ तीनदा वाजते, मग ‘ठप्प’ असा ठोका पडतो आणि गाडी पुढे सुटते. त्या ठोक्याला अख्खी वरात एकदम उडी मारते. फोनवर गाण्याखाली लिहिलंय, ‘संगीत : पारंपरिक खान्देशी’.

पारंपरिक म्हणे. ही परंपरा जन्माला आली तेव्हा मी तिथे क्लॅरनेट घेऊन बसलो होतो.

आमचा बँड धरणगावचा. नाना आमचे बँडमास्तर. ट्रम्पेट असं वाजवायचे की एरंडोलची कुत्री धरणगावकडे तोंड करून भुंकायची. एका वर्षी भुसावळहून सुपारी आली. रेल्वेतून निवृत्त झालेला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, त्याच्या मुलीचं लग्न. त्याची अट एकच होती. त्याच्या गेलेल्या बायकोचं आवडतं गाणं बँडने वाजवायचं. गाणं अमेरिकेतल्या खेड्यापाड्याचं, मोठी लढाई संपल्यावर तिकडे घरोघरी रेडिओवर लागायचं त्यातलं. साहेबाकडे अशा रेकॉर्डींची पेटीच होती. सगळ्या गाण्यांत काय असतं म्हणून मी विचारलं, तर तो म्हणाला, कोणाची बायको निघून जाते, कोणी दारू पितो, कोणाची आई मरते आणि लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू येते. म्हटलं, मग अमेरिकेत कशाला जायचं, ही आमच्याच तालुक्याची गाणी झाली.

आमच्यापैकी कोणालाच नोटेशन येत नव्हतं. नाना कानाने उचलायचे. चार दिवस आम्ही त्याच्या व्हरांड्यात बसून ऐकलं. दिवाणखान्यात त्याचा कुत्रा होता, कालवडीएवढा, आणि नाना जगात फक्त कुत्र्याला भ्यायचे. त्यामुळे आत साहेब काय करतोय ते आम्हाला दिसत नव्हतं. नाना डोळे मिटून बसायचे. रेकॉर्ड जशी वाजेल तसं एक एक वळण बोटांवर घ्यायचे. ढोलवाल्यालाही त्यांनी दटावून ठेवलं होतं, एक ठोका इकडचा तिकडे नको.

लग्नात आम्ही गाणं वाजवलं. अडकलो, तीनदा तीच ओळ घेतली, ढोलवाल्याने ठप्प केलं, पुढे गेलो. साहेब आधी हसला. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग नुसतंच पाणी येत राहिलं. नानांना वाटलं, जिंकलं.

निघताना साहेबाने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की रेकॉर्डवर तिथे ओरखडा आहे. सुई अडकते, मग तो ग्रामोफोनच्या पेटीवर बोटाने टिचकी मारतो. तुम्ही माझी टिचकीसुद्धा वाजवलीत, म्हणाला. पण तुमच्या मास्तरांना सांगू नकोस.

मी सांगितलं नाही. नानांनी ते गाणं वरातीच्या चालीत घेतलं, दुप्पट पळवलं. बायको सोडून गेलेल्या माणसाचं रडगाणं, आणि आम्ही ते घोड्यावर बसलेल्या नवरदेवापुढे वाजवायचो. पहिल्याच लग्नात ठप्पला लोकांनी उडी मारली. दुसऱ्या लग्नात लोक उडीची वाट बघायला लागले.

मग कोणी विचारायचं, धून कोणाची? नाना मितभाषी. तोंड उघडायचो मी. पहिल्यांदा एवढंच म्हटलं की नानांना सुचली. साक्रीच्या लग्नात सांगितलं, भुसावळच्या यार्डात इंजिनाच्या वाफेतून सुचली. चोपड्याला पोचेपर्यंत नाना तापीच्या पुरात तीन दिवस ट्रम्पेट डोक्यावर धरून पोहत होते, पाण्याने त्यांना तीनदा मागे ओढलं आणि चौथ्यांदा ते पलीकडच्या काठावर आदळले, ठप्प. लोक कान देऊन ऐकायचे. नानाही ऐकायचे. सुरुवातीला माझ्याकडे बघून मिशीत हसायचे. पुढे हसणं थांबलं. नंतर नंतर तर पुराच्या गोष्टीत मी चुकलो की दुरुस्त करायला लागले.

बँड मोडून बरीच वर्षं झाली. डीजे आले, आमची वाद्यं माळ्यावर गेली. नाना नव्वदीकडे झुकले, खाटेला लागले, नजर गेली. कान मात्र शाबूत. आणि या वर्षी त्यांच्याच खिडकीखालून वरात गेली, त्यांचीच धून वाजवत. त्यांनी मला बोलावून घेतलं. जळगावच्या कोण्या पोराने अहिराणी शब्द घालून गाणं केलंय म्हटल्यावर एकच विचारलं, “मना नाव लिखेल शे का?”

मी म्हटलं, नाही.

“मी जावाना पहिले लिखाले लाव.” मी जायच्या आधी लिहायला लाव. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

गेलो जळगावला. स्टुडिओ म्हणजे सराफाच्या दुकानावरची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. गायक पोरगा चांगला निघाला, हेच वाईट झालं. पाया पडला, चहा मागवला. मी नानांची गोष्ट सुरू केली, पुराचं पाणी कमरेपर्यंत आणलं, तेवढ्यात त्याने फोनवर बोट फिरवलं. खोलीत अमेरिकेतलं ते मूळ गाणं लागलं. तोच माणूस, तीच सोडून गेलेली बायको. फक्त कुठे अडकत नव्हतं. गुळगुळीत, डांबरी रस्त्यासारखं.

“आबा, हे कोणाचं मग?” त्याने शांतपणे विचारलं.

“मग तुझ्या गाण्यात ते तीनदा अडकणं कुठून आलं?”

तो लाजला. आईवडिलांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे घरी, म्हणाला, त्यातून घेतलं. त्यात तुमचाच बँड असेल. असेल काय, आहे, मी म्हटलं. क्लॅरनेटवाला बघ, केस असलेला, तो मी.

“नाव टाकायला माझी ना नाही,” तो म्हणाला. “पण नानांचं टाकलं तर चाल आली कुठून हेही निघेल. अमेरिकेतल्या मालकांनी गाणंच काढून टाकायला लावलं तर? पारंपरिक लिहिलं की कोणी विचारत नाही.” मग माझी समजूत काढायला म्हणून, “आणि खरं सांगायचं तर नानांचं त्यात ते अडकणंच आहे ना, आबा. तेवढंच कसं लिहू?”

मी चहा अर्धा सोडून उठलो. माझ्या जन्मात मी पहिल्यांदाच कोणाचा चहा अर्धा सोडला.

येताना बसमध्ये मी सात थापा तयार केल्या. सातही अशा की शपथेवर कोर्टात चालल्या असत्या. नाव लिहिलं म्हणून सांगितलं असतं तर नानांना दिसणार थोडंच होतं. पण खाटेशी बसलो आणि वाटलं, त्या गाण्याला लोक नाचतात ते अमेरिकेच्या चालीवर नाही, त्या अडकण्यावर नाचतात. ते नानांनी कानाने उचललं नसतं तर जगात कुठेच नसतं. तेवढं तरी त्यांचं त्यांना द्यावं. म्हणून पहिल्यापासून सांगितलं. रेकॉर्ड, कुत्रा, सुई, साहेबाची टिचकी. एक शब्द फुगवला नाही.

नाना ऐकत होते. मग म्हणाले, “कोनता साहेब?”

मी भुसावळची आठवण दिली. लग्न आठवत होतं, जेवण आठवत होतं, कुत्रासुद्धा आठवत होता. रेकॉर्ड आठवत नव्हती.

“मनी धून शे ती,” ते म्हणाले. “तापीना पूरमा सुचनी. तूच तं सांगस बठ्ठा गावले.” सगळ्या गावाला तूच तर सांगतोस.

“नाना, ते मी बनवून सांगायचो.”

“मंग आज काय करी राह्यना?”

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि सुनेला हाक मारून सांगितलं की याला बाहेर काढ.

त्याला आता चार महिने झाले. सून दारातूनच सांगते, नाना झोपलेत. झोपलेले नसतात, आतून खोकल्याचा आवाज येतो. गावात त्यांनी निरोप फिरवलाय की मी धून जळगावच्या पोराला देऊन आलो आणि वर चोरीचा आळ त्यांच्यावरच घातला. गाव मानतं. पारावर मी भुसावळचं सांगायला लागलो की माणसं हसून सरकून जागा करतात, नवी गोष्ट आली म्हणून. नाना कधी खोटं बोलत नाहीत, हे गावाला मीच सांगून ठेवलंय.