घोड्याचं मासिक कोणतं ठेवायचं

तबेल्यातली लीद रोज काढा, दुसऱ्या दिवशी ढीग तयारच. आमच्या बैठकीतल्या गोष्टींचंही तसंच. बैठक म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेमागचं रफिकभाईचं टिनाचं शेड. रफिकभाई घोड्यांच्या पायाले नाल ठोकतो. मी लग्नात घोडी नेतो. चौथी शिकलो, जोडाक्षर आलं की अडतो.

अमरावतीचे एक दातांचे डॉक्टर आमच्यात बसतात. हौसेनं घोडा घेतला, ठेवला मात्र अकोल्यात सासऱ्याकडे. घोड्यांची तीन मासिकं लावली होती. वाचून झाली की शेडात आणून टाकत. एक दिवस म्हणाले, पुढच्या वर्षी एकच ठेवतो, कोणतं ते तुमी सांगा. झालं, भांडण लागलं.

*

पहिलं मासिक इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं. त्यात थंड देशातले घोडे जाड झूल पांघरून उभे. डॉक्टरांनी ते वाचून आपल्या घोड्याले तशीच झूल घातली. अकोल्याच्या एप्रिलात! घोडा निथळत शेडात आला. रफिकभाईनं झूल ओढून काढली अन् शांतपणे विचारलं, "डॉक्टर, घोडा शिजवून रायले का?"

*

मासिक पारखायची रफिकभाईची एक रीत हाये. वाचत नाही, फोटोतले खूर पाहतो. त्याच इंग्रजी मासिकाच्या एका अंकावर एक गोरी बाई ऐटीत घोड्यावर बसलेली. त्यानं बाईकडे पाहिलंच नाही. म्हणाला, ह्या खुराले दोन महिने कोणी हात लावला नाही. अन् तो अंक खिळ्यांच्या डब्याखाली अंथरला.

डॉक्टर हळहळले. त्या अंकात खुराच्या निगेवर आठ पानं होती म्हणे.

*

दुसरं मासिक हिंदी. त्यात घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांचे शकुन-अपशकुन. मूर्तिजापूरचा एक वरबाप त्याचा अंक घेऊनच आला अन् माझ्या रेशमा घोडीचे भोवरे मोजत बसला. खांद्यावरचा एक अशुभ निघाला. म्हणे, आमचा पोरगा या घोडीवर बसणार नाही.

मी म्हणलं, "पोराच्या डोक्यात दोन भोवरे हायेत, म्हंजे दोन लग्नं. ते सांगितलं का पोरीच्या बापाले?"

बसला नवरदेव.

*

तिसरं मराठी. पातळ, एक रंगीत फोटो नाही. त्याले मी मासिकच समजत नव्हतो.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी रेशमाचं पोट दुखायले लागलं. लोळे, उठे, पोटाकडे पाहे. मी जवसाच्या तेलाची बाटली आणली. रफिकभाईनं घोडीची मान वर धरली. तेवढ्यात त्याची बायको शबानाभाभी ते पातळ मासिक घेऊन धावत आली. ती शाळेत शिकवते. "थांबा बाप्पू" म्हणाली अन् उभ्यानंच वाचलं. पोट दुखणाऱ्या घोड्याला बाटलीने तेल पाजू नये. ते फुप्फुसात उतरते. घोडा खोकतो, ताप चढतो, काही दिवसांत दगावतो. गुरांच्या डॉक्टरला बोलवा.

मी म्हणलं, "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. रफिकभाईनं घोडीची मान सोडली. माझ्याकडे पाहिलं नाही.

आठ वर्षांमागं माझ्या आधीच्या घोडीचं, चांदणीचं, पोट असंच दुखत होतं. तेल मी पाजलं, मान त्यानंच धरली. ती खोकली, तापली, पाचव्या दिवशी गेली. पोट दुखायच्या आदल्या दिवशी फुलवाला नामदेव तिले हार घालून म्हणाला होता, काय घोडी हाये बाप्पू. मी त्याचीच नजर लागली म्हणलं. भरबाजारात नाही नाही ते बोललो. तेव्हापासून त्याच्या हातचं फूल माझ्या घोडीले लागलं नाही.

गुरांचे डॉक्टर आले, नाकातून नळी घालून औषध दिलं. संध्याकाळी रेशमानं लीद टाकली.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा फोन. कोणतं ठरलं? मी म्हणलं, मराठी. अन् तो अंक काखेत मारून नामदेवाच्या दुकानावर गेलो.

तो मोगरा गुंफत होता. उठला नाही. मी पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं. "वाच."

त्यानं हात पुसले. मनातल्या मनात वाचलं, सावकाश. मंग विचारलं, "चांदणी?"

मी खाली पाहिलं.

त्यानं हातातला हार पुरा केला. गाठ मारली, दोरा तोडला.

"नव्या घोडीच्या गळ्याचं माप काय हाये?"