ते जनावर

चकलांब्याची मंजुळाबाई मूळची शांत बाई. खळ्यावरच्या त्या दुपारनंतर मात्र तिला एका जागी बसवेना.

निजामाचा अंमल होता. माघात ज्वारीची काढणी उरकली होती आणि तिचा नवरा उत्तरेश्वर खळ्यावर पेंढ्या हलवत होता. तो वाकला, तसा त्याच्या टाचेमागं मंजुळाबाईला साप सळसळताना दिसला. सापाचं नाव तिकडं कुणी घेत नसे. आणि तो कितीही जवळ असला तरी त्याला "हे" म्हणायची सवय कुणालाच नव्हती. नको असलेलं आधी जिभेनंच लांब लोटायचं. तिच्या तोंडून निघालं, "अवो, ते जनावर. ते बघा."

"ते" ऐकून उत्तरेश्वरनं लांब बांधाकडं पाहिलं. "कुटं हाय?" म्हणत एक पाऊल मागं घेतलं, आणि पाय नेमका सापावर पडला.

बाजेवर घालून त्याला हरिबाकडं नेलं. गावात साप चावल्यावर पाला तोच द्यायचा. आत तो पाला वाटत होता, बाहेर ओट्यावर बायका जमल्या होत्या. शेजारच्या वत्सलाबाईनं डोळ्याला पदर लावला. "ते लई गरीब सोभावाचे व्हते बाई."

मंजुळाबाई ताडकन उठली. "हे आत निजल्यात. व्हते कावून म्हन्तीस?" एवढंच बोलली आणि अंगणात येरझारा घालू लागली.

उत्तरेश्वर जगला. पाय मात्र वाळत गेला. हिंडाफिरायला लागल्यावर ती त्याला म्हणाली, "म्या 'हे' म्हनलं असतं, तर तुमी पायाशी बघितलं असतं."

"म्याबी 'ते'च म्हनलं असतं. तसल्याला 'हे' कोन म्हनतं?"

तिचं समाधान झालं नाही. दळताना ती पुटपुटून बघायची, "हे जनावर, हा इंचू." पण तसं म्हटलं की अंगावर काटा यायचा, बोलल्याबरोबर ते मांडीवर येऊन पडेल असं वाटायचं, आणि जीभ परत "ते"कडं वळायची.

शेवटी तिनं जिभेचा नाद सोडला. शेताला जाताना हातात बाभळीची काठी घेऊन, गवत झोडपत ती नवऱ्याच्या पुढं चालू लागली. गावाला हे नवीन होतं. पारावरचा गहिनीनाथ हसला, "उत्तरेश्वरा, बायको म्होरं अन् तू मागं?"

"चालू दे तिला," म्हणत उत्तरेश्वर लंगडत निघाला. मंजुळाबाईनं वळून पाहिलं नाही. पुढं गवत दाट होतं.