सामाईक धुरांडं

राग आला की सुलक्षणाबाईंचा आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. एकेक शब्द सुटा करून त्या बोलायच्या. साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळानं तो आवाज २००६च्या दिवाळीत पहिल्यांदा ऐकला. त्यांच्या रस्त्यावरच्या लोकांना मात्र तो फार आधीपासून ओळखीचा होता.

१९७० साली त्या नवऱ्यापाठोपाठ अलिबागहून इथे आल्या. सतीश करंबेळकर माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते, इथे नदीकाठच्या शिपयार्डात लागले. यार्डाच्या मागच्याच रस्त्यावर दोघांनी घर घेतलं. लाल विटांची, एकाला एक चिकटलेली घरं. मागे हातभर अंगण, आणि दोन घरांत मिळून छपरावर एक सामाईक धुरांडं. पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी त्यांच्या दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून आत घाण टाकली. बाईंनी ती धुतली. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिल्या, "तू टाकलीस? मग कुणी टाकली?" पुन्हा तसं घडलं नाही. त्याच रस्त्यावरच्या बायका पुढे त्यांच्याबरोबर हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होत्या, आणि सतीशराव गेले तेव्हा त्याच बायकांनी आठवडाभर घरी जेवण पोचवलं.

मग यार्ड बंद पडलं आणि सगळा रस्ताच विकायला निघाला. म्हातारी माणसं गेली, की त्यांची मुलं घरं काढून टाकायची. घेणारे लोक इथे राहायला येत नव्हते. एका घराचे पाच खण करायचे, प्रत्येक खणात दोन गाद्या टाकायच्या, आणि मग भाडं वसूल करण्यापुरतंच तोंड दाखवायचं. बाईंना या सगळ्याचा संताप यायचा. म्हणून शेजारचं घर मिलिंद घेतोय असं कळलं, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. मिलिंद नागपूरचा. बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, मराठी मंडळाचा सेक्रेटरी, भेटला की वाकून नमस्कार करणारा. "काकू, आता मी आहे ना शेजारी," असं म्हणून त्यानं त्यांच्याकडचे पोहे दोनदा मागून घेतले होते.

तो शेजारी कधी राहिलाच नाही. त्यानं घर पोलंडहून आलेल्या कामगारांना दिलं. बैठकीच्या खोलीत मधोमध प्लायवुड ठोकून दोन खोल्या केल्या. रात्रपाळीचा माणूस उठला, की दिवसपाळीचा त्याच गादीवर आडवा व्हायचा. बाई मिलिंदला म्हणाल्या, "अरे, माणसं आहेत ती." तो हसून म्हणाला, "त्यांना चालतं, काकू. स्वस्तात मिळतं ना."

२००६च्या उन्हाळ्यात बाई मुलीच्या, वैभवीच्या बाळंतपणासाठी बेसिंगस्टोकला राहिल्या होत्या. परत आल्या तर छपरावरचं धुरांडं गायब! त्या जागी नवीकोरी कौलं, आणि मिलिंदच्या बाजूला माळ्यावर आणखी एक खोली. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"मिलिंद, धुरांडं कुठं गेलं?"

"जुनं झालं होतं हो, काकू. कुणाच्या डोक्यात पडलं असतं. उलट तुमचंही काम फुकटात झालं!"

"माझ्या गॅस फायरचा धूर त्यातून जातो."

"बिल्डरनं सगळं बघितलंय. तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका."

आपला माणूस सांगतोय म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. पुढे त्या सगळ्यात जास्त चिडल्या त्या यासाठी, स्वतःवर.

ऑक्टोबरात थंडी पडली. एका रविवारी दुपारी त्यांनी खोली उबदार करायला भिंतीतला गॅस फायर पेटवला आणि टीव्हीसमोर बसल्या. डोकं जड झालं. मळमळायला लागलं. दुपारचं जेवण बाधलं असेल, म्हणून त्या पाणी प्यायला उठल्या, तर पाय आपले वाटेनात. मोकळ्या हवेत जावं म्हणून कशाबशा मागच्या दारापर्यंत पोचल्या, कडी काढली आणि उंबऱ्यातच कोसळल्या.

शेजारच्या अंगणात मारेक नावाचा भाडेकरू सिगरेट ओढत होता. पॅकिंगच्या कारखान्यात काम करणारा, तिशीतला माणूस. त्यानं भिंतीवरून उडी मारली, बाईंना ओढून अंगणात आणलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. ज्या हॉस्पिटलच्या चादरी त्यांनी जन्मभर धुतल्या, तिथेच त्या तोंडाला ऑक्सिजन लावून पडल्या. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड. धूर वर जायला वाटच नव्हती, म्हणून सगळा विषारी वायू खोलीत साठला. दार उघडलं नसतं तर संपलंच होतं.

वैभवी धावत आली. इथेच जन्मलेली ती, तिचं मराठी घाबरली की आणखी मोडायचं. "आई, तू तिथे एकटा नाही राहायचा आता. तो घर विकून टाक ना, प्लीज."

"कुणाला विकू? त्यालाच?"

बाई घरी आल्या त्या दिवशी मिलिंद फुलं घेऊन आला. सोफ्यावर बसला, बिल्डरला शिव्या घातल्या, आणि मग हळूच म्हणाला, "काकू, एवढ्या घरात एकट्या कशाला राहता? मी चांगला भाव देतो. दोन्ही घरं एक करून टाकतो. तुम्ही वैभवीकडे आरामात राहा."

बाईंनी उठून दार उघडलं.

"ऊठ."

"काकू, मी तुमच्या भल्यासाठी..."

"फुलं उचल. आणि ऊठ."

दिवाळीचा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये होता. मंडळाचे अध्यक्ष कमलाकर यांनी बाईंना दारातच बाजूला घेतलं. "वहिनी, झालं ते वाईटच झालं. पण तक्रार घेऊन कौन्सिलपर्यंत कशाला जायचं? आपलाच मुलगा आहे. व्हिसावर आहे, उगाच अडकायचा. आपापसात मिटवू की."

बाई आत जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. फराळाच्या आधी कमलाकर चार शब्द बोलायला उभे राहिले, तेव्हा त्या सरळ पुढे गेल्या आणि त्यांच्या हातातून माइक घेतला.

"माझं धुरांडं या मिलिंदनं पाडलं," त्या म्हणाल्या. "मला न विचारता. मी विचारलं तेव्हा खोटं बोलला. मी मरता मरता वाचले. मला वाचवलं ते त्यानं गुरांसारख्या कोंबलेल्या माणसांपैकी एकानं. आणि मला सांगतात, आपापसात मिटवा. मी मेले असते, तर कुणाशी मिटवलं असतं?"

मिलिंद मान खाली घालून फोनशी खेळत होता. कुणी उठून बाईंच्या शेजारी उभं राहिलं नाही. त्यांनी माइक खाली ठेवला, कोट चढवला आणि चिवड्याला हातही न लावता बाहेर पडल्या.

सोमवारी त्या कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तक्रार करायला गेल्या. इन्स्पेक्टर आले. माळ्यावरच्या खोलीची परवानगी नव्हती, आग लागली तर बाहेर पडायला वाट नव्हती, वायरिंग उघडं होतं. घर राहायला धोक्याचं ठरलं आणि बंद करायचा हुकूम निघाला. मिलिंदनं भाडेकरूंना एवढंच सांगितलं, शेजारच्या म्हातारीनं तक्रार केलीय, शुक्रवारपर्यंत निघा.

त्या संध्याकाळी मारेकनं बाईंचं दार धाडधाड वाजवलं.

"मी तुला उचललं," तो ओरडला. "आणि तू मला रस्त्यावर काढतेस?"

हे बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. "आत ये," त्या म्हणाल्या. तो येईना. त्यांनी त्याची बाही धरून त्याला आत ओढलं आणि गॅस फायर दाखवला. वापरू नये म्हणून गॅसवाल्यानं त्यावर लाल चिठ्ठी चिकटवली होती. "तुमच्या माळ्यावरही असंच काहीतरी झालं असतं. आग लागली असती, तर तू कुठून उडी मारणार होतास?"

मारेकनं वाकून ती चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, "ते खरं. पण शुक्रवारी मी झोपू कुठे?"

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा कौन्सिलच्या काउंटरवर. घर धोक्याचं, ते कबूल, पण माणसांचं काय? काउंटरवरची मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, त्यांची जबाबदारी आमच्यावर येत नाही.

"मग कुणावर येते? ज्यानं कोंबलं त्याच्यावर नाही, ज्यांनी बाहेर काढलं त्यांच्यावर नाही. माझ्यावर येते का?"

ऑफिस बंद होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. काहींना हॉस्टेलमध्ये जागा मिळाली, काही मित्रांकडे गेले. मारेक आणि त्याचा एक सोबती वैभवीच्या जुन्या खोलीत आले. वैभवी फोनवर किंचाळली, "आई, दोन अनोळखी माणूस घरात?" बाई म्हणाल्या, "अनोळखी तो पोहे खाणारा होता."

कौन्सिलनं मिलिंदवर खटला भरला, आणि मारेकनं कोर्टात साक्ष दिली. मिलिंदला दंड झाला, आणि धुरांडं होतं तसं बांधून द्यावं लागलं. गवंडी काम करत होते तेव्हा बाई समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाऊस आला तर छत्री उघडली, पण उठल्या नाहीत. वर्षभरात मिलिंदनं घर विकलं. मंडळात त्याला कुणी काही बोललं नाही. तो सेक्रेटरीच राहिला. बाईंना मात्र पुढच्या दिवाळीचं बोलावणं आलं नाही.

एकदा सुपरमार्केटात तो अचानक समोर आला. ट्रॉलीत त्याची छोटी मुलगी बसली होती. "काकू, झालं गेलं विसरून जा ना आता," तो म्हणाला.

"मी शुद्धीवर आले, म्हणून तुला असं म्हणता येतंय," बाई म्हणाल्या, आणि भाजीकडे वळल्या.

वैभवीनं ऐकलं तेव्हा ती वैतागली. "किती वर्ष चिडून राहणार तू? तो बोलला ना बिचारा."

"'विसरा' म्हणाला. 'चुकलं' म्हणाला नाही."

२००८च्या वसंतात रस्त्याच्या त्या टोकाला आणखी एका घराभोवती परांची उभी राहिली. मारेक तोवर पोर्ट्समथला खोली घेऊन राहायला गेला होता. सकाळी बाईंनी खिडकीतून पाहिलं, एक माणूस हातात हातोडा घेऊन छपरावर चढत होता. त्यांनी चप्पल बदलली नाही, कोट घेतला नाही. तशाच रस्ता ओलांडून शिडीच्या बुडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"खाली ये," त्या म्हणाल्या. "त्या विटेला हात लावायच्या आधी खाली ये, आणि मला सांग, शेजारच्या घरात कोण राहतं ते तुला माहीत आहे का?"

त्याला माहीत नव्हतं. तो काहीतरी पुटपुटला, पण बाई शिडीला धरून उभ्याच राहिल्या. शेवटी तो खाली उतरला, आणि दोघं मिळून शेजारचं दार वाजवायला गेले.