झेंडूखालच्या टाक्या

गावाच्या आरोग्य समितीवर मला घेतलं, ते मी सभेत फार भांडतो म्हणून. दवाखाना हा उपकार नाही, हक्क आहे, हे वाक्य मी अक्षरओळख होण्याआधी घरात पडलेल्या मोर्चाच्या पत्रकांवर पाहिलं होतं. त्यामुळे दिवाळीनंतर महिन्याभराने उंद्रीकडच्या आरोग्य केंद्राची तपासणी करायला गेलो, तेव्हा घाण, गोंधळ, गर्दी, या सगळ्याशी भांडायची तयारी होती.

तिथे यातलं काहीच नव्हतं. फरशी ओली, चकचकीत. भर दुपारी ओसरीवर कुत्रंसुद्धा नाही. डॉक्टर मेहकरला गेलेले. प्रसूतीच्या खोलीत बाळाला ऊब देणारा दिवा रिकाम्या ट्रेवर लालभडक जळत होता, जणू कोणीतरी आत्ताच तिथून बाळ उचलून नेलं असावं. पडद्याआड एक बाई कळा देत होती, ओरडत नव्हती. तिच्या बांगड्या तेवढ्या खाटेच्या लोखंडावर वाजायच्या आणि थांबायच्या.

कोपऱ्यात ऑक्सिजनच्या दोन टाक्या उभ्या होत्या. दोन्हींना हळदकुंकू, दोन्हींच्या गळ्यात वाळून काळा पडलेला झेंडू. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्या मला माणसांसारख्या वाटल्या. मान खाली घालून उभ्या असलेल्या.

"भरलेली कोणती?" मी सिस्टरना विचारलं.

"ही नळीवाली. दसऱ्याले धुतल्या ना, तर खडूनं लिहेल पुसून गेलं. पन हीच हाये."

"उघडून पाहिली?"

"पुजेल हाये दादा. कायले हात लावता?"

"पुजली म्हणजे भरली काय?"

खाटेजवळून सासू कडाडली, "काऊन बे, माही सून मरून राह्यली अन् तू टाक्या मोजून राह्यला?"

मी त्या टाकीची किल्ली फिरवली. पूर्ण फिरवली. नळी कानाला लावली. काही नाही. इतकं काही नाही, की माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं. सिस्टरचा चेहरा उतरला. पडद्याआड बांगड्याही थांबल्या होत्या.

सिस्टरनीच दुसऱ्या टाकीचा हार ओढून फेकला आणि किल्ली लावली. फुस्सकन आवाज आला तसे आम्ही दोघेही मागे सरलो. मग त्यांनी दाब दाखवणारं घड्याळ आणि नळी तिकडे बसवली आणि मला आणि सासूला बाहेर काढलं.

बाळ जन्मलं ते निळं, आवाज न करता. अर्धवट उघड्या दाराबाहेर मी आणि ती सासू शेजारी उभे होतो. तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. आत फक्त हवेचा सूं सूं आवाज. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग बाळ रडलं.

संध्याकाळी मी अहवाल लिहायला बसलो, तर सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या. "झालं ना सगळं बराबर? आता कायले लिहिता?"

"लिहू द्या त्याले," नातवाला मांडीवर घेऊन सासू म्हणाली. "पुढच्या बाईच्या वक्ताले हा पोट्टा येईन का किल्ली घेऊन?"

सिस्टर समोरची खुर्ची ओढून बसल्या. "लिहा. पन माह्या एकटीवर नका ढकलू. दोन महिने झाले, डॉक्टरनंबी त्या टाकीले हात लावला नाही."

डॉक्टरांचं मी आधीच लिहिलं होतं. आता त्याखाली समितीचं लिहिलं. आम्हीही दसऱ्यानंतर पहिल्यांदाच तिथे गेलो होतो.