मामंजींनी सोडलेला हत्ती

लग्नाला सहा महिने झाले होते आणि सासऱ्यांचं पहिलं पोस्टकार्ड आलं. स्वातंत्र्याच्या थोडं आधीची गोष्ट... आम्ही शहाद्याला, यांना तिथे शाळेत नोकरी. मामंजी नवापूर स्टेशनवर तारबाबू.

कार्ड यांच्या नावाने होतं, शेवटच्या ओळी मात्र माझ्यासाठी. 'सूनबाईंना बुद्धिबळ येतं म्हणे. पटावरच्या घरांना एक ते चौसष्ट आकडे द्यावेत. माझं प्यादं ३६ वर. उत्तर पाठवतील का?'

मी तोवर त्यांच्यासमोर मान वर करून बोललेही नव्हते. खेळ म्हणाल तर भावाकडून शिकलेला, जेमतेम. आणि मामंजींना हरवणारा माणूस नवापुरात कुणी पाहिला नव्हता! तरी लिहिलं...

आठवड्याला एखादी चाल व्हायची. पट डब्यांच्या फळीवर मांडलेला, भाकरी थापता थापता माझा विचार चाललेला.

बाराव्या चालीला घोडचूक झाली. कार्ड पेटीत टाकल्यावर लक्षात आलं, माझा हत्ती त्यांच्या उंटाच्या तोंडात! उत्तर येईपर्यंत जेवण गोड लागलं नाही.

उत्तर आलं... त्यांनी हत्ती घेतलाच नव्हता. कडेचं एक प्यादं उगाच पुढे सरकवलं होतं.

आधी हायसं वाटलं. मग जुनी कार्डं काढून पाहिली, तर आधीही दोनदा असंच सोडलं होतं मला! म्हणजे इतके दिवस मी खेळत नव्हतेच... ते मला खेळवत होते. फार लागलं ते.

तिरमिरीत लिहिलं, 'मामंजी, हत्ती घ्या. तोवर मी चाल देणार नाही.'

यांना सांगितलं, तर कपाळाला हात लावला. "हाई काय लिखं तू? बाबा काय म्हणतीन?"

"पेटीमा टाकी दिन्हं," मी म्हटलं.

आठवडा गेला, दुसरा गेला. कार्ड नाही... हे माझ्याशी धड बोलेनात.

मग एकदाचं आलं. 'हत्ती घेतला. चुकलो, सूनबाई.'

पुढच्या आठ चालींत माझ्यावर मात झाली. जिंकले असते तरी इतकी खूश झाले नसते!

दिवाळीला नवापूरला गेलो. वाकून नमस्कार केला, तर मामंजींनी सगळ्यांदेखत थेट मलाच विचारलं, "दुसरा डाव कव्हय मांडाना?"

पदर सावरत मी म्हटलं, "आतेच मांडूत."

नंतर वर्षानुवर्षं त्यांच्याशी हरत आले... दोन डाव सोडून. ते दोन मी खरोखर जिंकलेत, एवढी खात्री त्यांनी मला दिली. त्यासाठी आजही हात जोडते.