शालूच्या हातची गुलाबकाकी

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. बोलायला गेलो की वेगळंच काहीतरी बोलून मोकळा होतो.

राजापुरात आमचा गणपतीचा कारखाना. वडिलांनंतर मीच चालवतो — तोच साचा, तोच पीतांबर, तेच हसू. लोक म्हणतात, हात साफ आहे. या शब्दाची मला किती चीड येते, कसं सांगू? साफ हात म्हणजे न चुकणारा हात. आणि नवं काहीच न करणारा.

धाकटी बहीण शालू माझ्याशेजारी बसून रंगवायची. एका वर्षी उरलेल्या शाडूतून तिने गुलाबकाकी केली — जैतापूरहून एसटीने मासे घेऊन येणारी, बाजारात बसणारी. एक गुडघा वर, त्यावर कोपर, गालात पान, आणि गिऱ्हाईक न घेताच पुढे गेल्यावरचा तो राग. वीतभर मूर्ती. गणपती ठरवायला आलेली माणसं तिच्यापुढेच रेंगाळायची. खुद्द काकी बघून गेली. "मेल्ये, माझं नाक एवढं मोठं आहे?" म्हणाली, आणि बराच वेळ तिथून हलली नाही.

आमच्या गावचे एक सर मुंबईत मूर्तिकला शिकवायचे. तेही आले, तेव्हा कारखान्यात मी एकटाच होतो. म्हणाले, "हिला मुंबईला पाठवा. आमच्याच घरी राहील. उद्या येऊन आईंशी बोलतो." माझ्या गणपतींकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

त्या दुपारी आई आणि शालू आत जेवत होत्या. आणि मी — नाही, धक्का लागला नाही. मी ती मूर्ती उचलली, छातीपर्यंत नेली आणि सोडली. वाळलेली शाडू ती, तुकडे झाले. मांजराने पाडली, म्हणालो. शालूने तुकडे ओढणीत गोळा केले. रडली नाही. "पुन्हा करेन," एवढंच बोलली.

एवढ्यावर थांबलो असतो तर? दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा त्या दोघी धुणं घेऊन नदीवर गेल्या होत्या. मी सरांना अंगणातच गाठलं. "तिलाच यायचं नाही सर. घर सोडवत नाही म्हणते." आणि ती परतल्यावर तिला सांगितलं — सर येऊन गेले, हात अजून कच्चा आहे म्हणाले.

तिने पुन्हा माती हातात घेतली नाही.

मी स्वतःला सांगायचो, कारखान्यात अडकलोय मी, हिनेच का सुटावं? तेही खोटंच. मला कोणी अडकवलं होतं? साच्याबाहेरचं मला सुचत नव्हतं, तिला सुचत होतं — एवढंच होतं ते. एवढ्यासाठी माणूस सख्ख्या बहिणीचं असं करतो? मी केलं.

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीत माझा सत्कार झाला. कलावंताच्या स्वातंत्र्यावर बोललो, टाळ्या पडल्या. लांज्याहून शालू आली होती, लेकीला घेऊन. रात्री आमच्या घरी जेवताना लेकीने विचारलं, "आई, तूपण मूर्ती करायचीस ना? मग का सोडलंस?"

शालू वाढत होती. "माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं गो ते," ती म्हणाली. "दादाने कधी अडवलं नाही हां मला."

मी आणखी भात मागून घेतला.